आर्गोपुरोच्या आगवाल्याचं लग्न

सुराबायाला काली मास नदीच्या काठावर आमची वस्ती आहे. तिथे एखादं काम फार रखडलं की बायका अजूनही म्हणतात, "याचं बाई सार्पानच्या लग्नासारखं चाललंय." सार्पान म्हणजे आर्गोपुरो आगबोटीवरचा आगवाला. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, हसरा माणूस. भुवया त्याला नव्हत्याच. सतराव्या वर्षी भट्टीपुढे उभा राहिला तेव्हा त्या जळाल्या, आणि पुन्हा उगवायला त्यांना कधी सवडच मिळाली नाही. स्वभावाने इतका गरीब की कुणाच्या ताटातला मासा मोठा दिसला तरी तो खाणाऱ्याचं अभिनंदन करायचा. पण वेळेवर पोचणं त्याच्या नशिबात नव्हतं, आणि त्यात त्याचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा त्या बोटीचा.

आर्गोपुरो ही डच आरमाराची आगबोट. दोन बाजूंना दोन चाकं, दोन डोलकाठ्या, चार तोफा आणि मधोमध उंच काळं धुराडं. हॉलंडहून ती सुट्या तुकड्यांनी पेट्यांत भरून आली आणि इथल्या गोदीत आमच्याच लोहारांनी ती जोडली. जोडून झाल्यावर एक पेटीभर खिळे उरले म्हणतात. ते कुठले, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ही म्हातारी बोट पुढे जन्मभर किंचित उजवीकडे कलून चालली त्याचं कारण त्या पेटीत होतं, असं आमचे लोहार छातीवर हात ठेवून सांगत.

आरमाराच्या दप्तरात तिची कामगिरी मोठ्या अक्षरांत लिहिलेली असेल. आम्ही काठावरून पाहिली ती अशी. चाच्यांच्या मागे ती पुष्कळ वेळा धावली, पण तिचा धूर दोन तास आधी दिसायचा. चाचे जेवण उरकून, भांडी घासून मग निवांत पळायचे. एकदा कुणा बड्या साहेबाचा पियानो तिने बांदा बेटावर पोचवला आणि वाटेत तो भिजवला. राजाच्या वाढदिवसाला सलामीच्या तोफा उडवल्या, त्यात स्वतःच्याच कप्तानाच्या खोलीच्या काचा फोडल्या. खडक शोधायला गेली आणि शोधलाही, तळानेच. अचेच्या किनाऱ्यावर मात्र ती आठ महिने नाकेबंदीला उभी होती आणि तिथे तिच्या तोफा खऱ्याच उडाल्या. त्या आठ महिन्यांबद्दल सार्पान कुणाशी बोलला नाही. विचारलं की पाणी प्यायला उठून जायचा.

रासिनेमशी त्याची गाठ पडली ती टोपलीमुळे. तिचे वडील पाक कार्तोदी (वडीलधाऱ्यांना आमच्याकडे पाक म्हणतात) गोदीसाठी कोळशाच्या टोपल्या विणायचे. एका टोपलीचं बूड सुटलं, कोळसा सार्पानच्या पायावर पडला, आणि तो लंगडत तक्रार करायला त्यांच्या अंगणात आला. पाक घरी नव्हते. रासिनेम नदीवर भाजी विकून नुकतीच परतली होती. ती स्वतः होडी वल्हवत बोटीबोटींना भाजी पुरवायची, त्यामुळे तिचे दंड भक्कम होते आणि जीभ त्याहून.

"टोपलीचं बूड सुटलं," सार्पान म्हणाला.

"टोपलीत कोळसा भरायचा असतो. तू स्वतः बसला होतास का?"

"नाही, कोळसाच होता. पण थोडा जास्त."

"मग पायाला सांग, थोडा बाजूला हो म्हणावं."

सार्पान हसला. दुसऱ्या दिवशी तो धडधाकट टोपली घेऊन तक्रार करायला आला. तिसऱ्या दिवशी टोपलीसुद्धा आणली नाही. वस्तीला जे समजायचं ते समजलं.

पाक कार्तोदींना जावई पसंत होता. अडचण होती ती दिवसाची. टोपल्या हा त्यांचा धंदा, पण वस्तीत त्यांचा मान होता तो दिवस काढून देण्यासाठी. आठवड्याचे सात वार आणि बाजाराचे पाच, त्यांचा मेळ घालून जन्मदिवसांशी ताडून ते मुहूर्त सांगायचे. एक जुनी पोथी सदैव त्यांच्या कमरेला खोचलेली असायची. त्यांना विचारल्याशिवाय कुणी म्हैस विकत नसे की विहीर खणत नसे. आणि मुहूर्त म्हणजे मुहूर्त. घर शाकारायला चढलेल्या सख्ख्या भावाला त्यांनी अर्ध्या छपरावरून खाली उतरवलं होतं, कारण चांगली वेळ संपली होती. पावसाळाभर तो भाऊ अर्ध्या घरात राहिला. पाकांशी त्याने अबोला धरला, पण नंतर मुलीच्या लग्नाचा दिवस विचारायला त्यांच्याकडेच आला.

सार्पान आणि रासिनेम यांचा पहिला दिवस ठरला. मांडवाचे बांबू आले, आणि आदल्या दिवशी आर्गोपुरोला फ्लोरेसच्या चाच्यांमागे जायचा हुकूम झाला. दुसरा दिवस ठरला, तेव्हा बोट दोन दिवसांसाठी म्हणून मदुराला गेली आणि तिथूनच अचेला रवाना झाली. तिसऱ्या वेळी तर सार्पान सुराबायालाच होता! पण बोट गोदीत, वाफ करणाऱ्या बाष्पकाची नळी फुटलेली, आणि मुहूर्ताच्या वेळी तो बाष्पकाच्या आत अडकून बसला होता. आत शिरताना बारीक होता, आत बसून त्याने सगळ्यांचा खाऊ संपवला म्हणून बाहेर येईना, असं त्याचे सोबती सांगत. खरं कारण गंजलेली झडप होती, पण वस्तीला खाऊच्या गोष्टीतच रस.

तिसरा दिवस हुकला त्या संध्याकाळी पाक कार्तोदींनी त्याला ओटीवर बसवलं.

"सार्पान, तुझ्या बोटीचं माझ्याशी काय वैर आहे?"

"पाक, ती बोट आहे. तिला काय कळतं?"

"तुला कळतं ना? मग ऐक. बेसार महिन्यातला बुधवार, बाजाराचा वार पोन. त्यानंतर तुम्हा दोघांना जुळेल असा दिवस आठ वर्षं नाही."

"आठ वर्षं?"

"तीनदा मांडून पाहिलं. आठच येतात. आणि मुलीला मी आठ वर्षं घरात ठेवणार नाही. ग्रेसिकचा तो कातड्याचा व्यापारी विचारून गेलाय. बिजवर आहे, दोन मुलं आहेत. पण दर संध्याकाळी घरी असतो."

दर संध्याकाळी घरी असणाऱ्या माणसाशी सार्पान कशाच्या जोरावर स्पर्धा करणार होता? आतून चुलीपाशी बसलेल्या रासिनेमने तेवढं ऐकवलं, "त्या व्यापाऱ्याच्या अंगाला कातड्याचा वास येतो."

"आणि याच्या अंगाला?" पाक ओरडले.

"याच्या अंगाला धुराचा येतो. धुराची मला सवय झालीय."

बेसार महिना लागला आणि आर्गोपुरोला बांजारमासिनला जावं लागलं. तिथून एक कोळशाचा पडाव ओढून आणायचा, आठ दिवसांचं काम. पण नदीला पाणी उतरलं, पडाव गाळात रुतला, आणि गावात पटकीची साथ सुरू झाली. कप्तानाने कुणाला किनाऱ्यावर पाऊल टाकू दिलं नाही. सार्पान रोज कठड्याशी उभा राहून गाळाकडे बघायचा. जन्मात त्याने कुणाला शिव्या दिल्या नव्हत्या, त्या गाळाला दिल्या. शेवटी पडावाचा नाद सोडून बोटीने एकटीनेच परतायचं ठरलं. टपालाची बोट आधी सुटत होती, तिच्याबरोबर त्याने निरोप धाडला: बुधवारी पोचतो, तयारी करा. मंगळवारी पहाटे आर्गोपुरोने नांगर उचलला.

यंत्रावरचा साहेब होता काल्सबेक, लाल दाढीचा, झीलंडकडचा. त्याने पाटीवर खडूने हिशेब केला आणि पाटी सार्पानपुढे धरली.

"ताशी आठ मैल. बुधवारी रात्री आठला सुराबाया. तुझं लग्न कधी?"

"बुधवारी, तुआन," सार्पान साहेबाला म्हणाला.

"मग झालं की! चार तास हातात ठेवून पोचतोस."

सार्पानला आभाळ ठेंगणं झालं. भट्टीपुढे तो गाणं म्हणायला लागला. त्याचं गाणं ऐकण्यापेक्षा यंत्राची खडखड बरी, तरी कुणी हरकत घेतली नाही. दुपारी डेकवर सगळे आगवाले भात आणि सुकी मासळी घेऊन बसले तेव्हा त्याने सगळ्यांना आमंत्रण दिलं, रात्री आठला उतरायचं, नऊला जेवायचं. बावेआन बेटावरचा म्हातारा तांडेल पाक दुलाह आगवाल्यांचा मुकादम होता. त्याने तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं, "रात्री आठला? मग लग्न कुणाचं?"

"माझं!"

"गाढवा, बुधवारी सूर्य बुडाला की गुरुवार लागला. पोन संपला, वागे लागला. रात्री आठला तू पोचशील तो वागेचा गुरुवार."

सार्पानच्या हातातला मासा खाली पडला. पाक दुलाहचं खरं होतं. आमचा दिवस सूर्याबरोबर बुडतो, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण साहेब लोकांचा दिवस मध्यरात्री बदलतो, आणि अकरा वर्षं त्यांच्या घंटेवर भट्टीत कोळसा झोकून झोकून सार्पानचाही दिवस मध्यरात्रीच बदलायला लागला होता. जावईपणाच्या परीक्षेत तो अशा चुकीने नापास होणार होता की ती पाक कार्तोदींना सांगितली असती तर त्यांनी त्याला माणसांतून उठवलं असतं.

तो धावत काल्सबेकपुढे जाऊन उभा राहिला. बोलताना त्याची इतकी त्रेधा उडाली की पाक दुलाहला येऊन सगळं नीट सांगावं लागलं.

"साडेपाचला सूर्य बुडतो," काल्सबेकने पाटी पुसून पुन्हा आकडे मांडले. "म्हणजे आठचे नऊ मैल काढायला हवेत. बोर्नियोच्या या कोळशावर? हा कोळसा आहे की ओली माती?"

पाक दुलाह पायाच्या बोटांकडे बघू लागला. "तुआन, मागच्या कोपऱ्यात चाळीसेक टोपल्या विलायती कोळसा आहे."

"कुठून आला?"

"राहिला होता."

"कधीपासून?"

"अचेपासून. थोडा थोडा बाजूला ठेवत गेलो. कधी अडीनडीला लागेल म्हणून."

कोळसा लपवून ठेवल्याबद्दल म्हाताऱ्याला शिक्षा व्हायला हवी होती. काल्सबेकने दाढीतून बोटं फिरवली. "माझं लग्न झालं तेव्हा मी इथे गोदीत होतो," तो म्हणाला. "बायको तिकडे, हॉलंडला. आमच्याकडे अशा वेळी नवऱ्याचा हातमोजा धाडतात आणि त्याच्या जागी दुसरा कुणी उभा राहतो. माझा भाऊ उभा राहिला. ती अजून म्हणते, तुझ्या भावाने छान कोट घातला होता. मी काय घातलं होतं ते मला आठवतं. काही नाही, एक तेलकट चड्डी." त्याने पाटी बाजूला ठेवली. "सार्पान, स्वतःच्या लग्नाला तू हजर राहा. काढा तो कोळसा."

मग जे झालं ते आमच्या वस्तीत आजही हातवारे करून सांगतात. पाळी नसलेले आगवाले आपणहून खाली उतरले. एक फावडं टाकतोय, एक राख ओढतोय, एक पाण्याच्या बादल्या माणसांवर ओततोय. विलायती कोळशाने भट्टी पांढरी झाली. चाकं अशी फिरू लागली की म्हातारीला स्वतःचाच विसर पडला. सार्पान मंगळवारची दुपार, मंगळवारची रात्र आणि बुधवारचा सबंध दिवस भट्टीपुढून हलला नाही. "टाक! ओढ! टाक!" एवढंच ओरडत राहिला. बुधवारी सकाळी कप्तान वरून खाली डोकावला.

"काल्सबेक, ही बोट नऊ मैलांनी का चाललीय?"

"बाष्पक आज खुशीत आहे, कप्तान."

कप्तानाने खाली पाहिलं. उघडेबंब अकरा आगवाले आणि त्यांच्यामध्ये भुवया नसलेला एक माणूस, डोळ्यांत पाणी, धुराचं असेल किंवा नसेल. बोटीवर कुठलीच गोष्ट लपत नाही. "खुशीत असेल तर राहू दे," एवढं म्हणून कप्तान निघून गेला.

पाचच्या सुमाराला आर्गोपुरो सुराबायाच्या खाडीत शिरली आणि गोदीसमोर तिने नांगर टाकला. सूर्य ग्रेसिककडच्या नारळींवर हातभर वर होता. सार्पान अंगावर दोन बादल्या ओतून, कोरा सारोंग नेसून, डोक्याला फेटा बांधून वर आला. सगळे खलाशी टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात बंदराच्या डॉक्टरची होडी लांबूनच थांबली. डॉक्टर आणि कप्तान यांचं ओरडून बोलणं झालं. कुठून आलात? बांजारमासिन. तिथे पटकी आहे ना? आहे, पण आम्ही कुणी किनाऱ्यावर उतरलो नाही. असेल, दहा दिवस इथेच राहा. आणि डोलकाठीवर पिवळं निशाण चढलं. आता कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही.

टाळ्या थांबल्या. सार्पान त्या पिवळ्या कापडाकडे बघत राहिला, मग चाकावरच्या कमानीदार टपावर जाऊन मटकन खाली बसला. किनारा इतका जवळ होता की वस्तीतल्या चुलींचा धूर त्याला दिसत होता. पाक दुलाह त्याच्या शेजारी येऊन बसला. ग्रेसिकचा व्यापारी आत्ता घरी पोचला असेल, असं सार्पानच्या मनात आलं, आणि त्याला हुंदका फुटला.

"अरे, ती होडी कुणाची?" वरच्या खलाशाने विचारलं.

भाजीची होडी होती. पुढे पाक कार्तोदी ताठ बसलेले, मध्ये काझी हाजी मुस्तारी, दोन साक्षीदार, नारळभाताचा उंच सुळका असलेलं एक मोठं ताट, आणि मागे वल्हं मारत, नवरीच्या वेषात, केसांतली फुलं एका कानावर आलेली, रासिनेम. नवरीने घरात बसायचं असतं. पण पिवळं निशाण किनाऱ्यावरून दिसल्याबरोबर तिने बापाला विचारलं होतं, "तो इकडे येऊ शकत नाही, पण आपण तिकडे जायला मनाई आहे का?" मग वल्हं मारायला माणूस शोधला तर एकही नावाडी बोटीजवळ यायला तयार होईना, म्हणून ते तिनेच उचललं.

पहाऱ्याच्या होडीने त्यांना हटकलं. बरीच वादावादी झाली. कप्तानाने वरून पहारेकऱ्याला काहीतरी सांगितलं, आणि शेवटी दहा वल्ह्यांच्या अंतरावर थांबायची परवानगी मिळाली.

"सार्पान!" पाक कार्तोदी गरजले. "आज तरी आहेस ना?"

सार्पान उडी मारून उभा राहिला. तोंड उघडलं. आवाजच फुटेना! दीड दिवस धुरात ओरडून घसा पार बसला होता. नुसती फुसफुस बाहेर आली.

"काय म्हणतो?" काझींनी विचारलं. त्यांना समोरासमोर बोललेलंही कमीच ऐकू यायचं.

"आहे म्हणतो!" अकरा आगवाले एकदम ओरडले.

"तुम्ही नका बोलू! नवऱ्याचा कबूल नवऱ्यानेच म्हणायचा. तुम्ही अकरा जण म्हणालात तर मला हिचं अकरा जणांशी लावावं लागेल."

"मला चालेल," खालून एक आगवाला म्हणाला, आणि पाक दुलाहने त्याच्या टाळक्यात मारली.

कप्तानाने आपला पितळी कर्णा काढून दिला, वादळात हुकूम सोडायचा तो. सार्पानने तो तोंडाला लावला. "आहे," कर्णा घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि खाडीवरचे सगळे बगळे उडाले. काझींनी मान डोलावली, घसा साफ केला आणि दुआ सुरू केली. काझींची दुआ कधी आखूड नसायची. आज ती नेहमीपेक्षा लांब वाटली. साक्षीदार चुळबुळ करायला लागले. नारळींच्या शेंड्यांमागे सूर्य शिरला, त्याची कड तेवढी उरली, मग तीही गेली. होडीवर, पाण्यावर, चाकाच्या टपावर सावली पसरली.

दुआ संपली. काझींनी डोळे उघडले आणि पश्चिमेकडे पाहिलं.

"कार्तोदी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "सूर्य गेला रे."

सगळे पाक कार्तोदींकडे बघत होते. अर्ध्या छपरावरून भावाला उतरवणारा तो माणूस. रासिनेमने मान खाली घातली होती, आणि वल्ह्यावरची तिची बोटं पांढरी झालेली सार्पानला वरून दिसत होती. पाकांनी नारळींकडे पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. मग मान वर करून बोटीकडे, टपाकडे, त्याहून वर. डोलकाठीच्या शेंड्यावरचं पिवळं निशाण अजून उन्हात झळकत होतं.

"चढ!" पाक ओरडले. "वर चढ! नवरा जिथे असेल तिथला सूर्य धरायचा असतो!"

"असं कुठे लिहिलंय?" काझींनी विचारलं.

"माझ्या पोथीत."

"दाखव."

"घरी राहिली," पाक म्हणाले. दोन्ही हात त्यांनी कमरेवर घट्ट दाबून धरले होते, आणि पोथीचं एक टोक कोपराखालून बाहेर आलं होतं. काझींनी ते पाहिलं. मग काझींनी अगदी सावकाश दुसरीकडे पाहिलं.

आता आगवाला हा बोटीच्या पोटातला माणूस. डोलकाठ्या खलाशांच्या. सार्पान तर उभ्या जन्मात नारळाच्या झाडावरही चढला नव्हता. शिडीच्या चौथ्या पायरीवर त्याला घेरी यायची. पण त्या दिवशी तो दोरांच्या शिडीला भिडला. सारोंग खोचून, कर्ण्याची दोरी गळ्यात अडकवून, डोळे मिटून, पायाला दोर लागेल तसा वर वर गेला. खालून खलाशी सांगत होते, "उजवा हात! आता पाय! अजून!" आणि एकाएकी त्याच्या मिटल्या पापण्या तांबड्या झाल्या, तोंडाला ऊब लागली. त्याने डोळे उघडले. नारळींच्या पलीकडे सूर्य होता, अर्धा, लालबुंद.

"आहे! सूर्य आहे!" कर्णा गरजला.

पाक कार्तोदींनी होडीत उभं राहून, एकही शब्द न अडखळता, आपली मुलगी रासिनेम त्याला देऊ केली. मेहेर चांदीची एक अंगठी. आणि सार्पानने छातीत मावेल तेवढी हवा भरून, एका दमात, सबंध वाक्य म्हटलं. या निकाहाचा मी स्वीकार करतो, या मेहेरवर. खाडीत नांगरलेल्या सगळ्या बोटींनी, गोदीतल्या लोहारांनी, किनाऱ्यावर जमलेल्या वस्तीने ते ऐकलं.

"ऐकलंत?" काझींनी साक्षीदारांना विचारलं.

"मदुरापर्यंत ऐकलं," साक्षीदार म्हणाले.

"मग झालं. अल्हम्दुलिल्लाह."

सूर्याची कड गेली. खाली एकच गलका झाला. अकरा आगवाले नाचत होते, काल्सबेकने आपली टोपी पाण्यात फेकली आणि लगेच तो पस्तावला. पाक कार्तोदी होडीत मटकन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले.

सार्पानने खाली पाहिलं. पहिल्यांदाच. डेक तळहाताएवढा दिसत होता. कर्णा तोंडाशीच आहे हे तो विसरला.

"आई गं," सगळ्या सुराबायाने ऐकलं, "आता उतरू कसा?"

जो तो हसत सुटला. बोटी हसल्या, किनारा हसला, काझीसुद्धा दाढीत हसले. रासिनेम हसली नाही. ती होडीत उभी राहिली. तिने वल्हं खाली ठेवलं, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि बायको नवऱ्याला मारते ती हाक पहिल्यांदाच मारली.

"कांग! खाली बघू नकोस. माझं ऐक. कर्णा तिथेच अडकव."

त्याने दोराला कर्णा अडकवला.

"डावा पाय खाली घे. अजून. हां, लागला ना दोर? आता उजवा हात सोड. सोड म्हणते ना! मी बघतेय."

हसणं हळूहळू थांबलं. वरती तो एक तांबूस ठिपका, खाली अंधारत चाललेल्या पाण्यावर ती, आणि मध्ये फक्त तिचा आवाज. उजवा पाय. डावा हात. थांब, दम घे. घाई नाही, मी कुठे जात नाही. आता डावा. एकेक दोर ती त्याला उतरवत आणत होती, आणि तो डोळे मिटून उतरत होता. आजवर कुणाचंही ऐकून निघाला तरी तो चुकीच्या वेळीच पोचला होता. या वेळी त्याचा पाय एकदाही निसटला नाही.

डेकला पाय लागला तेव्हा अंधार इतका पडला होता की होडीतली माणसं ओळखू येत नव्हती.

"पोचलास का?" तिने विचारलं.

"पोचलो," सार्पान म्हणाला. घसा बसलेला होता आणि कर्णा वरच राहिला होता, तरी तिला ऐकू गेलं.